सुदैरची अकरा खणी पागा

भाचीचं बिऱ्हाड नुकतंच रियाधला गेलंय. परवा तिचा फोन आला, "मावशी, इथे थंडीच्या दिवसांत जोडून सुट्टी आली तर कुठे जावं?" मी जराही विचार न करता म्हणाले, "सुदैरला जा. मातीच्या इमारती बघ." "तू कधी गेली होतीस?" "एक्क्याण्णव साली. युद्ध चालू होतं तेव्हा." ती म्हणाली, "हे तू ब्लॉगवर कधीच कसं लिहिलं नाहीस?"

म्हणून आज लिहायला बसले. फोटो एकही नाही, हे आधीच सांगते. त्या दिवसांत रस्त्यावर कॅमेरा बाहेर काढायची सोय नव्हती, त्यामुळे आम्ही तो घरीच ठेवून निघालो होतो.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पुण्यात आर्किटेक्चर शिकले, लग्न झालं आणि श्रीकांतच्या मागोमाग रियाधला आले. तो एसीचा इंजिनिअर. मोठ्या इस्पितळांच्या थंड हवेच्या यंत्रणा सांभाळायचं त्याच्या कंपनीचं काम. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, 'गृहिणी' असं लिहिलेलं होतं आणि कामाची परवानगी नव्हती. दोन वर्षांत मी एक रेघ मारली नव्हती. कुणी विचारलं तर 'आर्किटेक्ट आहे' म्हणायचंही हळूहळू सोडून दिलं होतं.

जानेवारीत युद्ध सुरू झालं आणि काही दिवसांतच रियाधवर इराकची क्षेपणास्त्रं यायला लागली. खिडक्यांच्या काचांवर आम्ही तपकिरी चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. विषारी वायूच्या भीतीने बाथरूमच्या दाराला प्लास्टिक लावलं. सायरन झाला की उंबऱ्याशी ओले टॉवेल, तोंडावर मास्क आणि टबाच्या काठावर शेजारी शेजारी आम्ही दोघं. मास्क घातल्यावर बोलता येत नाही. आम्ही हात धरून बसायचो.

श्रीकांतचे कफील, म्हणजे कंपनीचे मालक आणि आमचे जामीनदार, सालेह नावाचे होते. त्यांची आई आणि बहिणी सुदैरमधल्या त्यांच्या मळ्यावर गेल्या होत्या. त्यांनी श्रीकांतला सांगितलं, "बायकोला तिकडे सोडून ये. तुला मात्र सोडता येणार नाही, इस्पितळ आहे."

मी साफ नाही म्हणाले. दोन दिवस भांडले. मग श्रीकांत शांतपणे म्हणाला, "तू इथे असलीस की सायरन झाल्यावर मला दोघांची भीती वाटते. तिथे असलीस तर एकाचीच वाटेल."

 गुरुवारी सकाळी निघालो.

रस्त्याचं सांगते. रियाधहून कसीमकडे जाणारा हायवे घ्यायचा. सुदैरला पोचायला दोन तास पुरतात, आम्हाला पाच लागले. शहराबाहेर पडल्यावर तुवैकचा कडा येतो. पठार एकदम तुटतं, रस्ता वळणं घेत खाली उतरतो आणि समोर पिवळसर, सपाट मुलूख पसरतो. आपल्याकडच्या घाटासारखं हिरवं काही नाही, पण छातीत काहीतरी मोकळं होतं. आमच्या पुढे-मागे लष्करी ट्रक होते, वाळूच्याच रंगाचे, उत्तरेकडे निघालेले. एका ट्रकच्या मागे एक सैनिक पाय सोडून बसला होता. त्याने मला हात केला. मीही केला. मग श्रीकांत म्हणाला, "नको करू," आणि लगेच, "बरं, कर."

तपासणी नाके चार. कफीलचं पत्र जवळ असल्याशिवाय तेव्हा शहराबाहेर पाऊल टाकता येत नसे. प्रत्येक नाक्यावर तेच पत्र, तेच इकामे, तोच प्रश्न, "हिंदी?", म्हणजे भारतीय का, आणि मग हाताने पुढे जायची खूण, "यल्ला." तिसऱ्या नाक्यानंतर पेट्रोल पंपाला लागून एक खानावळ होती. दोन रियालला वाडगाभर फूल, म्हणजे मऊ शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे, वर जिरं आणि तेल. रियालला तमीस नावाची, तंदुरातून आलेली ताटाएवढी रोटी. शाकाहारी माणसाने डोळे मिटून हेच मागावं. आता तिथे जाण्यासाठी पर्यटक व्हिसा मिळतो, नाके नाहीत, गाडी भाड्याने घ्यावी. शुक्रवारी दुपारच्या नमाजेला सगळं बंद असतं, तेव्हा टाकी आणि पोट आधीच भरून घ्या.

मळा म्हणजे खजुराची बाग, भोवती मातीची भिंत. पुढच्या अंगाला सिमेंटचा नवा बंगला, त्याच्यामागे जुनं मातीचं घर आणि त्या घराला काटकोनात जोडलेली एक लांबलचक, ठेंगणी इमारत. माथ्यावर पायऱ्यापायऱ्यांचे पांढरे त्रिकोण, जणू भिंतीला दात आले आहेत.

"ते काय आहे?" मी विचारलं.

"पागा हाय ती," मागून मराठीत उत्तर आलं.

मी वळले. साठीचे एक गृहस्थ, डोक्याला रुमाल, हातात खराऱ्याचा ब्रश. घोड्यांची देखभाल करणारे इस्माईलभाई. दापोलीजवळच्या हर्णैचे. त्यांच्या वडिलांचा टांगा होता, त्यामुळे घोड्यांत वाढलेले. या पागेत त्यांना एकोणीस वर्षं झाली होती.

"तू कुठली गो बाय?"

"नाशिकची."

"मग आपलीच," ते म्हणाले आणि एवढे प्रसन्न हसले की सकाळपासून पहिल्यांदाच माझे खांदे सैल झाले.

उम्म सालेह, म्हणजे सालेहची आई, सत्तरीच्या होत्या. चेहऱ्यावर काळा बुरखा, फक्त डोळे दिसणारे, पण ते डोळे इतके बोलके की बाकीच्या चेहऱ्याची उणीव भासली नाही. माझं अरबी बाजारहाटापुरतं, तेव्हा आमच्यामध्ये इस्माईलभाई दुभाषी. वेलची घातलेली फिकट कॉफी, खजूर, पुन्हा कॉफी. पेला हलवून परत दिल्याशिवाय ओतणं थांबत नाही, हे मला चौथ्या पेल्यानंतर कळलं.

शुक्रवारी सालेह आले आणि सगळेच पागेसमोर उभे राहिले. छताच्या एका तुळईला मोठी चीर गेली होती आणि मधले तीन-चार खण खाली झुकले होते. सालेहनी ठरवलं होतं की शेवल, म्हणजे माती ओढायचं यंत्र, आणून पागा पाडायची आणि जागेवर पत्र्याची शेड घालायची.  मग उम्म सालेहनी श्रीकांतकडे बोट केलं. इस्माईलभाईंनी सांगितलं, "त्या इच्यारतात, तुम्ही मुहंदिस, म्हंजे इंजिनिअर ना? मग सांगा, छत पडंल का?"

श्रीकांत म्हणाला, "मी एसीवाला आहे. इमारतीतलं हिला कळतं. मुहंदिसा ही आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला घाम फुटला. शाळेत फळ्याजवळ बोलावल्यावर फुटतो तसा.

सालेहना गंमत वाटली असावी. ते म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या गुरुवारपर्यंत तिने सांगावं. उभी राहणार असेल तर कशी, तेही सांगावं. नाहीतर खलास."

त्या संध्याकाळी श्रीकांत रियाधला परतला. गाडी कमानीतून बाहेर पडेपर्यंत मी हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पागा मोजायला घेतली. टेप शिंप्याचा, उम्म सालेहच्या शिवणाच्या डब्यातला. लांब मापांना इस्माईलभाईंची दोरी, हाताहातावर गाठ मारलेली. कागद म्हणून श्रीकांतने गाडीत टाकलेल्या एसीच्या जुन्या नकाशांच्या कोऱ्या पाठी.

आता ज्यांना इमारती बघायला आवडतात त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. पागा अकरा खणांची. प्रत्येक खणात एका घोडीचं ठाण. समोर पडवी, पडवीला गोल खांब. ते खांब मला आधी मातीचे वाटले, पण आत जात्याच्या तळीसारख्या दगडी चकत्या एकावर एक रचलेल्या आणि वरून जिप्समचा पांढरा गिलावा. मागची भिंत कच्च्या विटांची, खाली दोन हात जाड आणि वर निमुळती होत गेलेली. त्यामुळे ती बसलेल्या माणसासारखी भक्कम दिसते. छताच्या तुळया अथल नावाच्या झाडाच्या. ते आपल्या सुरूसारखं दिसतं आणि तिथे बांधावर लावतात. तुळयांवर खजुराच्या झावळ्यांचे दांडे, त्यावर चटया, त्यावर माती. गव्हाणीही मातीच्याच, गिलावा दिलेल्या. घोड्यांच्या नाकाडांनी घासून घासून त्यांच्या कडा हस्तिदंतासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. जमिनीला हलका उतार आणि मधून एक पन्हळ. धुतलेलं सगळं पाणी त्या पन्हळीने थेट खजुराच्या बागेत. त्याचा कुणी नकाशा काढला नव्हता. एका उस्तादाने, म्हणजे जुन्या गवंड्याने, डोळ्यांच्या अंदाजाने हे सगळं उभं केलं होतं.

मागच्या भिंतीत हवेसाठी त्रिकोणी झरोके होते, सगळे छताखाली एका ओळीत. फक्त शेवटून दुसऱ्या खणातला झरोका, जिथे पागा जुन्या घराला भिडते तिथला, गुडघ्याच्या उंचीवर. मी तो तीनदा मोजला. इतक्या नेमक्या माणसाने इथेच चूक कशी केली?

उम्म सालेहना विचारलं तर त्या उठल्या आणि मला जुन्या घराच्या चौकात घेऊन गेल्या. भिंतीच्या त्या बाजूला एक जातं होतं. मला जात्याशी बसवलं. बसल्यावर झरोका बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आला आणि त्यातून शम्माचा, त्यांच्या लाडक्या करड्या घोडीचा, अख्खा चेहरा दिसला. ती चारा चावता चावता थांबून माझ्याकडे बघत होती.

त्या बोलत होत्या आणि दाराबाहेरून इस्माईलभाई सांगत होते. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. माहेरी वडिलांची घोडी होती, इथे दळताना तिच्या आठवणीने रडायच्या. पागेचं काम चालूच होतं. नवऱ्याने उस्तादाला सांगून एक झरोका खाली घ्यायला लावला. तोंडाने बायकोला कधी काही बोलला नाही. एक दिवस त्या दळायला बसल्या आणि समोर घोडी.

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?" मी विचारलं.

उम्म सालेह हसल्या. "काही नाही. त्या दिवशी पीठ जास्त बारीक दळलं."

दुपारी मी पडवीत रेखाटत बसायचे आणि इस्माईलभाई घोड्यांना खरारा करायचे. त्यांचा मोठा मुलगा युनूस कुवेतमध्ये एका बेकरीत होता. शेवटचं पत्र जुलैचं. ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, हजारो हिंदी माणसं अम्मानमार्गे मायदेशी गेली, पण युनूस हर्णैला पोचला नव्हता. घरून दर पत्रात एकच प्रश्न यायचा.

सालेहनी त्यांना बंगल्यात खोली देऊ केली होती. ते पागेतच झोपायचे.

"मक्केला उमऱ्याला आलेला तवा युनूस इथं येऊन गेला," ते म्हणाले. "बंगला तवा नव्हता. त्याला पागाच ठावी. वाट काढत आला, आन् पागा दिसली नाय, तर चुकलो समजून म्होरं जायचा."

मी पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं. गुरुवारला पाच दिवस उरले होते.

सोमवारी मी शिडीने छतावर गेले. सुरीने मातीत एक चौकोन कापला आणि थबकले. कापलेल्या कडेला एकाखाली एक पापुद्रे दिसत होते. चटईपाशी पोचेपर्यंत मी एकोणीस मोजले. एक वीतभर असायला हवी ती माती दीड हात झाली होती. पहिले उस्ताद दरवर्षी जुना लेप खरवडून मग नवा द्यायचे. ते गेल्यावर हे काम इस्माईलभाईंकडे आलं आणि त्यांनी दर हिवाळ्याआधी जुन्यावरच नवा थर चढवला. तुळई लाकडाच्या दोषाने चिरली नव्हती, तिला ओझं झेपेना. त्यात पाणी वाहून न्यायच्या दोन लाकडी पन्हळीही मातीने बुजल्या होत्या.

हे त्यांना कसं सांगायचं, याचा विचार करत मी बराच वेळ वरच बसून राहिले. शेवटी तेच शिडी चढून आले. मी कापलेली कड दाखवली.

त्यांनी बोट लावून थर मोजले. "एकोणीस," म्हणाले. पुन्हा मोजले. मग हळूच, "म्हंजे माझ्याच हातानं?"

"तुम्ही लेप दिला नसतात तर ही पागा कधीच विरघळून गेली असती, इस्माईलभाई. एवढ्या वर्षांत थेंब गळला नाही. फक्त जुना काढायचा असतो, आणि हे तुम्हाला सांगणारं कुणी उरलं नव्हतं."

ते शिडीने खाली उतरले. मला वाटलं, दुखावले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वर खरडण्याचा आवाज आला. इस्माईलभाई एकटेच फावडं घेऊन पहिल्या खणावर उकिडवे बसले होते.

"अजून सालेह हो म्हणाले नाहीत," मी खालून ओरडले.

"छत माझं हाय," ते म्हणाले. "मी केलं, मीच काढनार."

गुरुवारी सकाळी सालेह आले. श्रीकांत आला नाही. तो दहापर्यंत पोचणार होता. रेडिओवर रियाधला पुन्हा क्षेपणास्त्र पडल्याची बातमी होती. बंगल्यातला फोन मी फिरवत राहिले, प्रत्येक वेळी तोच 'टूं टूं'. उम्म सालेहनी मला जवळ बसवलं आणि माझा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला. कॉफी ओतली नाही, काही विचारलं नाही. दुपारी उशिरा गाडी कमानीतून आत आली. टपावर लोखंडी पाइप बांधलेले. इस्पितळाचं एक यंत्र बंद पडलं होतं, ते सुरू करून मग साइटवरचे टेकूचे पाइप घेऊन तो निघाला होता. उतरल्यावर म्हणाला, "तू फोनवर पाइप म्हणाली होतीस ना?" मी सगळ्यांसमोर त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरली. तिथल्या रीतीत हे बसत नव्हतं. सगळे पाइपांकडे बघू लागले.

मी सालेहना नकाशे दाखवले. आधी टेकू, मग एकेक खण हलका करायचा, पन्हळी मोकळ्या करायच्या, चिरलेली तुळई बदलायची.  त्यांनी तो खालचा झरोका कागदावर पाहून विचारलं, "हा असा का?" उम्म सालेहनी मुलाला कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी ते तेव्हा सांगितलं. ऐकून सालेह कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बागेतली चार माणसं घ्या."

काम उत्तरेच्या टोकाकडून सुरू करायचं मीच ठरवलं, कारण त्या बाजूला शम्मा होती. ती गाभण होती, दिवस भरत आलेले, आणि ठाण सोडायला तयार नव्हती. झुकलेल्या मधल्या खणांना आम्ही पाइपांचे टेकू दिले. रोज एक खण, कधी दीड. आठ झाले, दक्षिणेचे तीन उरले.

आणि भर दुपारी पाऊस आला. वाळवंटातला हिवाळी पाऊस, सुरुवातीला धुळीचा वास देणारा, मग बादलीने ओतल्यासारखा. आम्ही त्या तीन खणांतल्या घोड्या बाहेर काढल्या. वरची माती पाणी पिऊन जड होत गेली. मी श्रीकांतने ठेवलेले शेवटचे दोन पाइप घेऊन आत जायला निघाले तर इस्माईलभाईंनी मला दंडाला धरून मागे ओढलं. "नको गो बाय. लाकूड बोलतंय, ऐक."

खरंच बोलत होतं. बारीक कुरकुर, मग एक मोठा उसासा आणि तिन्ही खण एकामागोमाग बसले.

धूळ नव्हती, पावसाने ती उठूच दिली नाही. मी चिखलात उभी राहून रडले. दक्षिणेकडून सुरुवात केली असती तर, असं वाटत राहिलं. पण तिथून सुरुवात केली असती तर शम्माच्या डोक्यावरचं छत जड राहिलं असतं. दोन्ही गोष्टी आजही खऱ्या वाटतात.

सालेह दुसऱ्या दिवशी आले. पडलेले तीन आणि उभे आठ, दोन्ही त्यांनी फिरून पाहिले. आठ खणांत एक थेंब गळला नव्हता. त्यांनी शेवल बोलावलं आणि मी मान खाली घातली. शेवलवाल्याला मात्र ते म्हणाले, "एवढा ढीग उचल. मुहंदिसाने हलकं केलंय त्याला हात लावू नकोस."

पुढच्या आठवड्यात, पहाटेच्या फज्रच्या नमाजेनंतर, शम्मा व्यायली. मी पोचले तेव्हा शिंगरू उभं राहायच्या खटपटीत होतं, चारी पाय चार दिशांना. उम्म सालेह पागेत आल्याच नव्हत्या. त्या भिंतीच्या पलीकडे, जात्यापाशी बसून झरोक्यातून बघत होत्या.

फेब्रुवारी संपता संपता युद्ध थांबलं. बंगल्यात मिठाई वाटली गेली, इस्माईलभाईंनी तोंडात घातली नाही. त्यांच्या युनूसचं नाव आणि बेकरीचा मोहल्ला उम्म सालेहनी कधीच एका कागदावर लिहून घेतला होता. त्यांचा नातू फहद सैन्यात होता आणि त्याची तुकडी कुवेतमध्ये शिरली होती. तो कागद त्याच्याकडे पोचवल्याचं त्यांनी आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. उगाच आशा नको म्हणून.

मार्चच्या सुरुवातीला फहद दोन दिवसांच्या रजेवर आला. गणवेशातच, दाढी वाढलेली. आजीच्या कपाळाचं चुंबन घेऊन तो थेट पागेकडे गेला आणि खिशातून एक घडी काढून इस्माईलभाईंना दिली.

त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "तू वाच," म्हणाले.

पिठाच्या पिशवीचा फाडलेला कागद होता, अक्षर मराठी शाळेतलं. मी वाचलं, "अब्बा, मी बरा आहे. बेकरी एक दिवस बंद ठेवली नाही. लोक पहाटेपासून पावासाठी उभे राहतात, त्यांना सोडून कसा निघू? रस्ते सुरू झाले की तुमच्याकडे येतो. अम्मीला आधी कळवा."

"परत वाच."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. मग त्यांनी कागद कुर्त्याच्या आतल्या खिशात ठेवला, ब्रश उचलला आणि शम्माला खरारा करायला लागले. आमच्याकडे पाठ करून, खूप वेळ, एकाच जागी. फहदने मला खूण केली आणि आम्ही तिथून निघून आलो.

दोन दिवसांनी मीही निघाले. नकाशांचा एक संच उम्म सालेहना दिला. त्यांनी गुंडाळी उघडली नाही. ती कपड्यांच्या पेटीत, सगळ्यात खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन एकच शब्द म्हणाल्या, "मुहंदिसा." इस्माईलभाईंना तो सांगायची गरज पडली नाही.

पागेचा पत्ता मी इथे देत नाही, ती कुणाच्या तरी घरातली आहे. पण सुदैरमधली मातीची जुनी गावं आता जपली गेली आहेत. जाल तेव्हा आधी छताखाली उभं राहून वर बघा, मग भिंतीतले झरोके बघा. घाई करू नका. मी परत कधी गेले नाही. ती आजही उभी असेल की नाही, मला ठाऊक नाही. वर्षभराने इस्माईलभाईंकडून आलेल्या पत्रात युनूस येऊन गेल्याचं आणि नवी तुळई बसवल्याचं होतं. त्यानंतर आम्हीच भारतात परतलो. पुढची पंचवीस वर्षं मी जुनी घरं, देवळं, मशिदी यांची डागडुजी केली. कुठेही छतावर चढले की आधी सुरीने एक चौकोन कापते आणि थर मोजते. ज्यांनी ते थर चढवले त्यांच्याशी मग हलक्या आवाजात बोलते. हे मला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

त्या मार्चमध्ये रियाधला परतलो त्या दिवशी श्रीकांतने काचांवरच्या पट्ट्या सोलून काढल्या आणि मी नाशिकला फोन लावला. आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या काकूंकडे होता. त्या धावत जाऊन आईला घेऊन आल्या. आई शाळेत गणित शिकवायची. महिनाभर जीव मुठीत धरून बसलेली, तरी आवाज कडक.

"काय केलंस गं एवढे दिवस तिथे?"

"काम केलं, आई."

"कसलं?"

"घोड्यांची पागा. अकरा खणांची. छत पडत होतं."

"मग? राहिलं?"

"आठ राहिले. तीन पडले."

 फोनच्या खरखरीतून आईने नाक ओढल्याचा आवाज आला.

"अकरापैकी आठ," ती म्हणाली. "पहिल्या पेपराला बरे आहेत."